नागपुरात निसर्गोपचार केंद्र काढायचंय: नोंदणी कुठे करायची, आणि त्यानंतर शिकत राहण्याचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका तरुणीने कर्नाटकातून बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योगाची पदवी) केलं, इंटर्नशिप पूर्ण केली, तिथल्या बोर्डाची नोंदणी तिच्या हातात आहे. आता ती घरी नागपूरला परतली आहे. मानेवाड्याला काकांचा गाळा रिकामा आहे, तिथे तिला केंद्र सुरू करायचं आहे. तिने विचारलंय: महाराष्ट्रात नोंदणी कुठे करू? एक संस्था काही हजार रुपयांत 'अखिल भारतीय नोंदणी' देते म्हणते, ती घेऊ का? ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट लागतात, तसे आम्हाला लागतात का? पाटीवर 'डॉ.' लिहू का? आणि पुढेमागे बहिणीकडे टोरांटोला जायचं ठरलं तर ही पदवी तिथे चालेल का?

मुळात अडचण अशी आहे की आपल्या क्षेत्रात कागद भरपूर मिळतात, पण कोणता कागद काय हक्क देतो हे कुणी नीट सांगत नाही. पदवी वेगळी, नोंदणी वेगळी, केंद्राचा परवाना वेगळा, आणि एखाद्या संस्थेचं सभासदत्व तर अगदीच वेगळं. शिवाय (आता मी त्या तरुणीशीच बोलते आहे) एक प्रश्न तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण क्रेडिट पॉइंटच्या चौकशीत तो आहेच: माझ्याकडे आलेल्या रुग्णाला काही झालं तर मी कुणाला उत्तर द्यायचं आणि काय दाखवायचं? मी नागपुरात बरीच वर्षं हेच काम करते आहे. कायद्याचं जेवढं मला पक्कं माहीत आहे तेवढं आणि रोजच्या कामातून जे उमगलं ते, असं दोन्ही सांगते.

आधी कायदा. महाराष्ट्रात 1961 चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम आहे. त्याचं कलम 33 सांगतं की नोंदणी नसलेल्या माणसाने वैद्यक व्यवसाय करायचा नाही. बोगस डॉक्टरांवर जे गुन्हे दाखल होतात त्यांत हे कलम हमखास असतं. आयुर्वेद आणि युनानीच्या पदव्या एमसीआयएमच्या, म्हणजे राज्याच्या भारतीय चिकित्सा परिषदेच्या, नोंदवहीत चढतात, होमिओपॅथीची परिषद वेगळी, ॲलोपॅथीची एमएमसी म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल वेगळी. बीएनवायएससाठी अशी कायद्याने उभी राहिलेली स्वतंत्र परिषद आपल्या राज्यात नाही. म्हणजे 'कुठे नोंदणी करू' या प्रश्नाचं उत्तर एखाद्या कार्यालयाचा पत्ता देऊन संपत नाही, आणि कुणी तसा पत्ता फार खात्रीने देत असेल तर त्याला विचारा, 'कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली?'

केंद्र सरकारकडून हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. 2020 साली भारतीय चिकित्सा पद्धतींसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आले. संसदेच्या स्थायी समितीने योग आणि निसर्गोपचार यांनाही त्यात घ्या अशी शिफारस केली होती, तरी ते दोन्ही बाहेरच राहिले. मला याचं मनापासून वाईट वाटतं. साडेपाच वर्षं शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र शिकून आलेली मुलगी आणि पंधरा दिवसांचं शिबिर करून आलेला माणूस, दोघांच्या पाट्या रस्त्यावर सारख्याच दिसतात. रुग्णाला फरक कळायला मार्ग नाही. नोंदणी हवी ती त्यासाठी.

कर्नाटकाने हे काम केलं आहे. तिथल्या 1961 च्या कायद्याच्या नावातच आयुर्वेद, सिद्ध, युनानीबरोबर निसर्गोपचार आणि योग आहेत. तमिळनाडूतही बीएनवायएस पदवीधरांची नोंदणी होते. तेव्हा तुमच्या हातातली कर्नाटकची नोंदणी हा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम कागद आहे. ती मुदतीत नूतनीकरण करत राहा, नागपूरला आले म्हणून सोडून देऊ नका. पण ती राज्याची नोंदणी आहे. आपल्या पद्धतीसाठी सगळ्या देशाला लागू होईल अशी कायदेशीर मध्यवर्ती नोंदवही नसल्यामुळे त्या नोंदणीच्या जोरावर महाराष्ट्रात आपोआप हक्क मिळतो असं समजू नका. किती चालेल, कशासाठी चालेल, हे तुम्ही नेमकं काय करणार यावर अवलंबून आहे. आहार, मातीपट्टी, कटिस्नान, मसाज, योगासनं एवढंच करणार असाल तर एक गोष्ट. रुग्ण दाखल करणार, निदान लिहून देणार, दाखले देणार असाल तर सगळंच वेगळं.

म्हणून माझा सल्ला असा की गाळ्याचं रंगकाम सुरू करण्याआधी आयुष संचालनालयाला एक पत्र लिहा. माझी पदवी अमुक विद्यापीठाची, नोंदणी अमुक राज्याची, मला नागपूर शहरात अमुक उपचार करायचे आहेत, तर कोणती नोंदणी किंवा परवानगी आवश्यक आहे? पत्राला उत्तर आलं नाही तर हाच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. जे उत्तर येईल ते फाइलला लावा. नियम बदलतात, अधिकारी बदलतात. लेखी उत्तर तुमच्याजवळ राहतं. आणि एखाद्या वैद्यकीय कायद्याच्या वकिलाला एकदा पैसे देऊन भेटा. हा खर्च टाळू नका.

आता त्या 'अखिल भारतीय नोंदणी'बद्दल. घेऊ नका. अशा प्रमाणपत्रावर बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहे, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर आहे, एमएसएमईत आहे, आयएसओ आहे. हे सगळं खरं असू शकतं. पण ती नोंदणी त्या संस्थेची आहे, तुमची नाही. गणेश मंडळही सोसायटी म्हणून नोंदवता येतं, म्हणून मंडळाच्या अध्यक्षाला वैद्यकी करता येत नाही. केंद्र सरकारच्या एखाद्या संस्थेकडे ऐच्छिक नोंद करता येत असेल तर जरूर करा, तुमची पदवी तपासली गेल्याचा तो एक पुरावा ठरतो. मात्र ऐच्छिक नोंद आणि कायद्याची नोंदणी या दोन गोष्टी आहेत, आणि तपासणीला आलेला अधिकारी दुसरीच विचारतो.

हीच गोष्ट पदविकांची. निसर्गोपचारात घरबसल्या होणाऱ्या पदविका बऱ्याच आहेत. त्या केलेल्या लोकांबद्दल माझ्या मनात अनादर नाही. आपल्याकडे ही चळवळ डॉक्टरांच्या आधी कार्यकर्त्यांनीच वाढवली. गांधीजींनी 1946 मध्ये उरुळी कांचनला आश्रम सुरू केला तो खेड्यातल्या गरीब माणसासाठी, आणि आपल्या शेजारच्या सेवाग्रामला तर ते स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करत. परचुरे शास्त्रींना महारोग होता, त्यांना गांधीजी आपल्या हाताने मालिश करत. ती परंपरा मोठी आहे. पण पदविका म्हणजे पदवी नव्हे, आणि पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या यूजीसी कायद्याप्रमाणे विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. ज्यांना हातांनी उपचार देण्याचं काम करायचं आहे त्यांच्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचा उपचार सहायकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तुमच्या केंद्रात मदतनीस घ्याल तेव्हा असं प्रशिक्षण झालेला माणूस बघा.

केंद्राचे कागद तुलनेने सोपे आहेत. मोजकीच माणसं कामाला असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. लोक अजून त्याला गुमास्ता म्हणतात. रुग्ण रात्री मुक्कामी ठेवणार असाल तर 1949 चा शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा येतो, महापालिकेचा आरोग्य विभाग येतो, आणि प्रकरण गाळ्यात मावणारं राहत नाही. सुरुवातीला मुक्काम नकोच. साखर तपासायला बोट टोचणार असाल तर ती सुई जैववैद्यकीय कचरा ठरते, नेहमीच्या कचरागाडीत टाकायची नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे तिची व्यवस्था आधी लावा.

इथवरचा सारांश एवढाच: कर्नाटकची नोंदणी जिवंत ठेवा, संचालनालयाचं लेखी उत्तर मिळवा, विकतची नोंदणी घेऊ नका, मुक्कामी रुग्ण ठेवू नका.

आता क्रेडिट पॉइंट, म्हणजे माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा महत्त्वाचा भाग. महाराष्ट्रात एमएमसीच्या डॉक्टरांना पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट जमवून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. निसर्गोपचारकाची राज्यात नोंदवहीच नाही, त्यामुळे असं बंधनही नाही. तुम्ही उद्या केंद्र उघडलं आणि पुढची वीस वर्षं एकही पान वाचलं नाही, तरी नागपुरात कुणी विचारणार नाही. विचारलं जाईल ते एकदम ग्राहक आयोगात किंवा पोलिसात. 1995 च्या व्ही. पी. शांता खटल्यापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. आणि 1996 च्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जी पद्धती आपण शिकलो नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. तिथे होमिओपॅथी शिकलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती. आपल्यासाठी धडा सरळ आहे: गोळी द्यायची नाही, इंजेक्शन नाही, आणि रुग्णाची चालू गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही. बंद करणं हाही औषधोपचाराचाच निर्णय आहे, हे आपल्यातले पुष्कळ जण विसरतात.

तेव्हा बाहेरून कुणी विचारत नाही म्हणून आपणच एक शिस्त लावून घ्यायची. ती कशी असावी हे मी ऑन्टॅरिओच्या नियमांवरून बरंच उचललं आहे. टोरांटो त्याच प्रांतात येतं, म्हणून तुमच्याही कामाचं आहे. तिथे 2007 चा नॅचरोपॅथी कायदा 1 जुलै 2015 पासून पूर्ण अमलात आला. नोंदणी असलेल्या डॉक्टरला दर वर्षी स्वतःचं मूल्यमापन लिहावं लागतं, तीन वर्षांच्या चक्रात शिक्षणाचे 70 क्रेडिट दाखवावे लागतात, आणि त्याच व्यवसायातला दुसरा डॉक्टर येऊन त्याच्या नोंदी आणि दवाखाना तपासू शकतो. रुग्ण तपासण्याचे किमान तासही दाखवावे लागतात. सीपीआरचं प्रशिक्षण ताजं लागतं, विमा लागतो. यातलं मला सगळ्यात पटतं ते तिसरं, दुसऱ्याने येऊन आपल्या नोंदी तपासणं. कार्यशाळेत बसून चहा पिऊन प्रमाणपत्र कुणीही आणू शकतं. आपले केसपेपर दुसऱ्याच्या हातात देणं अवघड असतं.

मी काय करते ते सांगते. मेडिकलमधून, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, निवृत्त झालेले एक फिजिशियन आणि आयुर्वेदाच्या एक वैद्य, असे आम्ही तिघं महिन्यातून एकदा बसतो. मी काही केसपेपर घेऊन जाते, नावं झाकून. त्यातले दोन-तीन ते स्वतः निवडतात. मी चांगले निवडून नेले असं व्हायला नको. ते विचारतात, उपवास का दिला? वजन किती उतरलं? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) कधी बघितलं होतं? या प्रश्नांमुळे माझी नोंद ठेवण्याची पद्धत पूर्ण बदलली. आता पहिल्या भेटीतच रुग्णाच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं मागवते आणि नावं पाकिटावरून उतरवून घेते, रुग्णाच्या तोंडून नाही. 'ती पांढरी बीपीची' एवढ्यावर उपचार ठरत नाही.

गोळ्यांवर एवढा जोर का, तर आपली पद्धती बिनऔषधाची असली तरी आपल्याकडे येणारा माणूस बिनऔषधाचा नसतो. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्या माणसाला रसाहारावर ठेवलं तर साखर धाडकन खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या दुसऱ्या गोळीचं त्याहून फसवं. 2020 मध्ये भारतात त्याचं मूळ पेटंट संपलं आणि स्वस्त ब्रँडांची रांग लागली. आज मधुमेहाच्या असंख्य रुग्णांच्या पिशवीत ते असतं. या गोळीवर असताना लंघन केलं किंवा पिष्टमय आहार एकदम तोडला तर कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था, होऊ शकतो, आणि तोही साखर 250 च्या खाली असताना. ग्लुकोमीटर बघून तुम्ही निश्चिंत, आणि रुग्ण मळमळतोय, धापा टाकतोय. त्या मळमळीला 'शुद्धीची लक्षणं' म्हणून गप्प बसणारे लोक आहेत. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांत ही गोळी नव्हतीच. कॉलेज सुटल्यावर शिकणं थांबलं असतं तर मला हे कळलं नसतं. सतत शिकत राहण्याचा नियम का हवा, याला याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आणि मग विदर्भाचं स्वतःचं असं काही आहे, जे कर्नाटकात उजिरे किंवा बंगळुरूच्या वॉर्डात फारसं दिसत नाही. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार. एका हिवाळ्यात गोंदियाकडचा एक तरुण आला. सांधे दुखतात, कुणीतरी आमवात सांगितला होता, आणि त्याला थंड पाण्याच्या पट्ट्या आणि आठवडाभराचा उपवास हवा होता. तसं एका व्हिडिओत बघून आला होता. डोळ्यांत किंचित पिवळेपणा. लहानपणी दुखण्याचे झटके यायचे, दोनदा भरती केलं होतं, आई म्हणाली. उपचार सुरू न करता मी त्याला आधी सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीला, सोल्युबिलिटी टेस्टला पाठवलं. ती पॉझिटिव्ह आली. त्या तपासणीतून वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते; तीही झाली, आणि तो 'एसएस', म्हणजे वाहक नव्हे तर रुग्ण, निघाला. या माणसाला थंडी, उपवास आणि पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टी झटका आणू शकतात. म्हणजे आपल्या उपचारांच्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी त्याच्यासाठी घातक. त्याला मी मेडिकलच्या ओपीडीत चिठ्ठी देऊन पाठवलं. तिथे औषध सुरू झाल्यावर त्याच डॉक्टरांशी बोलून मी फक्त हलके व्यायाम, श्वसन, भरपूर पाणी आणि आहार एवढंच हाती घेतलं.

1 जुलै 2023 ला देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 पर्यंतचं लक्ष्य ठेवून. आता बऱ्याच जणांकडे तपासणीचं कार्ड असतं. विदर्भातला रुग्ण असेल तर माझ्या पहिल्या भेटीच्या कागदावर 'सिकलसेल तपासणी झाली का' हा रकाना छापलेला आहे. तुम्हीही छापून घ्या. ज्या गावात तुम्ही बसणार तिथले आजार, तिथलं पाणी आणि तिथलं ऊन तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

उन्हाचं म्हणाल तर तेही अभ्यासाचाच विषय. नवतपात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो. त्या दिवसांत मी स्टीम बाथ बंद ठेवते आणि कुणालाही लंघन देत नाही, कितीही आग्रह केला तरी. ज्यांना लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू आहे त्यांना तर नाहीच. पाण्याचंही तसंच. पुस्तकात थंड कटिस्नानाचं पाणी 10 ते 18 अंशांचं सांगतात. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून येतं तेच हात पोळेल असं, आणि जानेवारीच्या पहाटे तेच पाणी म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आणेल असं. 'नळाचं पाणी' हे मापच होऊ शकत नाही. टबात थर्मामीटर सोडा आणि आकडा केसपेपरवर लिहा. गरम पादस्नानाआधी मधुमेहाच्या रुग्णाचे तळवे स्पर्शाला किती जागे आहेत हे बघितल्याशिवाय पाय पाण्यात नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, जखम मात्र महिनोन्‌महिने चिघळते.

रस देता तेव्हाही हेच भान ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला रसांमधलं पोटॅशियम झेपत नाही. पालकाच्या रसाचे पेले रोज देऊ नयेत, त्यातलं ऑक्झलेट मूत्रपिंडावर जातं. दुधीचा रस देण्याआधी दुधीचा तुकडा चाखायचा, कडू लागला तर तो दुधी फेकायचा. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत आणि आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने तसा इशाराही दिलेला आहे. 'नैसर्गिक आहे म्हणजे बाधत नाही' हे वाक्य तुमच्या केंद्रात कुणालाही बोलू देऊ नका.

याशिवाय दोन गोष्टी मी चुकवत नाही. एक, बीएलएसचा, म्हणजे श्वास किंवा हृदय थांबलेल्याला तातडीने सावरण्याचा कोर्स. त्याचं कार्ड दोन वर्षं चालतं, मुदत संपायच्या आत मी आणि माझे मदतनीस पुन्हा करतो. दुसरी, एक वही, तारीखवार. काय वाचलं, कुठे ऐकलं, आणि त्यामुळे माझ्या कामात काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ते शिक्षण माझ्या हिशेबात धरत नाही. उद्या महाराष्ट्रात परिषद झाली आणि त्यांनी मागचा पुरावा मागितला तर ही वही आहे. नाही मागितला तरी रुग्णांना तिचा उपयोग झालेलाच आहे. निसर्गोपचाराचा अभ्यास करायचा तर दिल्लीच्या सीसीआरवायएनची (योग व निसर्गोपचाराची केंद्रीय संशोधन परिषद) प्रकाशनं आहेत, पुण्याच्या संस्थेचे कार्यक्रम असतात. नागपुरातच मेडिकल, मेयो रुग्णालय आणि मिहानच्या एम्सला होणाऱ्या व्याख्यानांना विचारून जाता येतं. मी मागच्या रांगेत बसून पुष्कळ शिकले आहे, आणि बीएनवायएस म्हटल्यावर कुणी उठवलं नाही.

रुग्ण कधी सोडायचा हे आधी ठरवून ठेवा. छातीत दुखणं, अचानक एका बाजूची शक्ती जाणं, शुद्ध हरपणं, न थांबणारा रक्तस्राव, गर्भवतीला सूज आणि डोकेदुखी: इथे मातीपट्टी नाही, रिक्षा किंवा 108. कुणी म्हणालं की खरा निसर्गोपचारक इस्पितळात पाठवत नाही, तर त्याला सांगा की गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन 1924 साली पुण्याच्या ससूनमध्येच झालं होतं.

जाहिरातीबद्दल थोडंसं. 'मधुमेह मुळापासून बरा', 'कॅन्सरवर खात्रीशीर' असं पत्रकावर छापू नका. 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज ॲक्ट याचसाठी आहे आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लठ्ठपणा हे सगळे आहेत. आजारपणाच्या रजेचे किंवा फिटनेसचे दाखलेही देऊ नका. शेजारचे लोक गोडीगुलाबीने मागतात, एकदा दिला की रांग लागते.

टोरांटोचं उत्तर थोडं निराश करणारं आहे. उत्तर अमेरिकेतला नेहमीचा मार्ग म्हणजे तिथल्या सीएनएमई या मान्यता मंडळाने मान्य केलेल्या कॉलेजात चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि मग एनप्लेक्सची दोन भागांची परीक्षा, पहिला मूलभूत वैद्यकशास्त्राचा, दुसरा चिकित्सेचा. आपल्या बीएनवायएसच्या कॉलेजांना ती मान्यता नाही, म्हणून पदवी दाखवून सरळ परीक्षेला बसता येत नाही. ऑन्टॅरिओत मात्र बाहेर शिकून आलेल्यांसाठी आधीचं शिक्षण आणि अनुभव तपासण्याची वेगळी वाट आहे. ती लांब आहे, खर्चीक आहे, आणि कागदांशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे तपशील, विषयवार तास, इंटर्नशिपच्या नोंदी हे सगळं विद्यापीठाकडून शिक्क्यानिशी आत्ताच काढून ठेवा. दहा वर्षांनी जुना अभ्यासक्रम कुणाकडे सापडत नाही. प्रांत कोणता हेही बघा. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सॅस्कॅचेवान, मॅनिटोबा, ऑन्टॅरिओ इथे या व्यवसायाचं नियमन आहे, क्वेबेकमध्ये नाही. आणि नोंदणी होईपर्यंत ऑन्टॅरिओत स्वतःला नॅचरोपॅथिक डॉक्टर म्हणवून घेता येत नाही, साधं नॅचरोपॅथही नाही. तिथे हे शब्द कायद्याने राखलेले आहेत.

राहिली पाटी. बीएनवायएसचे पदवीधर 'डॉ.' लावतात, मीही लावते. पण नुसतं 'डॉ.' आणि नाव लिहून खाली मोठ्या अक्षरांत 'क्लिनिक' असं करू नका. नावापुढे बीएनवायएस लिहा, त्याखाली पूर्ण 'निसर्गोपचार व योग' लिहा, कर्नाटकच्या नोंदणीचा क्रमांक राज्याच्या नावासह लिहा. आणि आत, बसायच्या जागी, मराठीत आणि हिंदीत एक फलक: इथे ॲलोपॅथीची औषधं दिली जात नाहीत, तुमची चालू औषधं आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीचं पथक तुमच्याकडे कधीतरी येईल, मानेवाड्यात आजूबाजूला दवाखाने भरपूर आहेत. पदवी, गुणपत्रिका, इंटर्नशिपचा दाखला, कर्नाटकची नोंदणी, गुमास्त्याची पावती, संमतिपत्रांचा नमुना आणि ती वही एका फाइलीत ठेवा, आणि तुम्ही नसाल तेव्हा ती फाइल कुठे आहे हे मदतनिसाला माहीत असू द्या. पाटी मात्र संचालनालयाचं उत्तर हातात आल्यावरच रंगवायला द्या.